भिंतीवर कोण असावे: हार्लेम रुग्णालयाची भित्तिचित्रे

न्यू यॉर्कचे हार्लेम रुग्णालय 1887 मध्ये एका भाड्याच्या इमारतीत सुरू झाले आणि 1907 मध्ये लेनॉक्स ॲव्हेन्यूवरील स्वतःच्या वास्तूत आले, तेव्हा त्या परिसरातील वस्ती मुख्यतः गोऱ्या लोकांची होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या औद्योगिक शहरांत आली. ‘महास्थलांतर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लोंढ्याने हार्लेमचे स्वरूप पालटले, परंतु रुग्णालयाचा कारभार मात्र जुन्याच हाती राहिला. खाटेवरचा रुग्ण कृष्णवर्णीय आणि त्याला तपासणारा डॉक्टर गोरा, ही तेथील रूढ व्यवस्था होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर लगेच लुई राइट या शल्यविशारदाची नेमणूक होईपर्यंत तेथील डॉक्टरांमध्ये एकही कृष्णवर्णीय नव्हता. मार्च 1935 मध्ये हार्लेममध्ये दंगल उसळल्यानंतर महापौरांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने वस्तीच्या हलाखीची कारणे शोधताना या रुग्णालयाच्या अवस्थेवरही कठोर टीका केली. रुग्णालय नेमके कोणाचे, हा प्रश्न भिंती रंगण्याच्या आधीपासूनच तेथे धुमसत होता.

भिंती रंगवण्याचे निमित्त मंदीने दिले. बेकार कलावंतांना शासकीय वेतनावर काम मिळावे म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने 1935 मध्ये ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ ही योजना आरंभली आणि तिच्यात शाळा, रुग्णालये अशा सार्वजनिक इमारतींतील भित्तिचित्रांना मोठे स्थान मिळाले. हार्लेम रुग्णालयाचे काम चार्ल्स ऑल्स्टन या चित्रकाराच्या देखरेखीखाली सोपवण्यात आले; या योजनेत पर्यवेक्षकाचे पद मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कलावंत होता. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा रॉकफेलर सेंटरमधील भित्तिचित्र रंगवीत असताना ऑल्स्टनने त्यांचे काम जवळून पाहिले होते, आणि ते चित्र आशयावरून झालेल्या वादानंतर 1934 मध्ये फोडून टाकण्यात आले, हेही त्याच्या पिढीच्या कलावंतांना चांगलेच ठाऊक होते.

1936 मध्ये आराखडे सादर झाले तेव्हा रुग्णालयाचे अधीक्षक लॉरेन्स डर्मडी यांनी त्यांपैकी चार नाकारले आणि शहराच्या रुग्णालय-आयुक्तांनी या निर्णयाला पाठिंबा दिला. चित्रांत कृष्णवर्णीयांचे विषय फार आहेत, पंचवीस वर्षांनी हार्लेममध्ये त्यांची बहुसंख्या राहीलच असे नाही, वस्तीतील लोकांनाच ही चित्रे रुचणार नाहीत, आणि हे रुग्णालय केवळ एका वंशाचे नसल्याने त्याच्यावर तसा शिक्का बसू नये, अशी कारणे देण्यात आली. ही कारणे बारकाईने पाहिली, तर त्यांत चित्रांच्या गुणवत्तेविषयी चकार शब्द नाही. सारा आक्षेप संस्थेच्या ओळखीविषयी आहे. सर्वांचे रुग्णालय म्हणून भिंतीवर कोणाचीच विशेष खूण नको, हा युक्तिवाद वरवर न्याय्य वाटतो, पण गोऱ्या माणसांची चित्रे लावताना तो कोणत्याही अधिकाऱ्याला सुचला नसता, आणि त्यामुळे तो सपशेल अन्यायाचा होता.

कलावंतांनी माघार घेतली नाही. ‘आर्टिस्ट्स युनियन’ आणि ‘हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड’ या संघटनांनी निषेध नोंदवला, थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत तक्रार नेली, लुई राइट यांनीही रुग्णालयातून चित्रकारांची बाजू उचलून धरली, आणि अखेर काम पुढे गेले.

ऑल्स्टनने कॅनव्हासवर तैलरंगांत रंगवलेली ‘मॅजिक इन मेडिसिन’ आणि ‘मॉडर्न मेडिसिन’ ही दोन चित्रे एकमेकांची जोडी म्हणून पाहायची आहेत. पहिल्यात आफ्रिकेतील उपचारविधी, ढोल, नृत्य आणि मध्य आफ्रिकेतील फांग लोकांच्या शैलीतील काष्ठमूर्ती आहे. दुसऱ्यात प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया आणि सूक्ष्मदर्शक आहे. मूर्तीने पहिल्या चित्रात जे स्थान व्यापले आहे, तेच दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाला दिलेले आहे. यातून अंधश्रद्धेकडून विज्ञानाकडे झालेली वाटचाल दिसते, असे वाचन सोपे आहे, पण ते अपुरे आहे. दोन्ही चित्रांना सारखाच मान आणि सारखीच मांडणी देऊन ऑल्स्टनने बरे करण्याच्या विद्येची परंपरा आफ्रिकेपासून सुरू केली आणि तिच्या आधुनिक टोकाला कृष्णवर्णीय व गोरे डॉक्टर खांद्याला खांदा लावून उभे केले. त्यांत लुई राइट यांची प्रतिमा आहे, आणि बाळाला कुशीत घेतलेल्या परिचारिकेसाठी मायरा लोगन ही तेथील तरुण डॉक्टर समोर बसली होती. पुढे ती स्वतः नामवंत शल्यविशारद झाली आणि ऑल्स्टनशी तिचा विवाह झाला.

व्हर्टिस हेझ यांची ‘परस्यूट ऑफ हॅपिनेस’ ही आठ भागांची मालिका परिचारिकांच्या निवासातील मार्गिकेत होती. आफ्रिकेतील खेड्यापासून अमेरिकेच्या दक्षिणेतील शेतमजुरीपर्यंत आणि तेथून उत्तरेच्या शहरांतील व्यवसायांपर्यंतचा प्रवास तिच्यात क्रमाने येतो, म्हणजे कामावर निघालेली परिचारिका रोज आपल्याच समाजाच्या इतिहासाला समांतर चालत असे. अल्फ्रेड क्रिमी या इटालियन वंशाच्या चित्रकाराने मात्र शस्त्रक्रिया आणि भूल देण्याची प्रक्रिया फ्रेस्को पद्धतीने रंगवली. या पद्धतीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावले जातात आणि गिलावा वाळताना ते त्यात कायमचे बसतात.

सर्वाधिक किंमत मोजली ती जॉर्जेट सीब्रुक या विशीतल्या चित्रकर्तीने. तिच्या ‘रिक्रिएशन इन हार्लेम’मध्ये गप्पा, गाणे आणि नाच यांत रमलेले वस्तीतले लोक आहेत, आजार, उपदेश वा पराक्रम त्यात नाही. सगळ्याच आकृती कृष्णवर्णीय असल्याबद्दल तिच्यावर दबाव आला आणि काही चेहरे गोरे करावे लागले, तर दुसरीकडे कूपर युनियन या कलाशिक्षण संस्थेने काम वेळेत पूर्ण झाले नाही म्हणून तिची पदविका रोखली. रुग्णशय्येवरील माणसाला आजाराखेरीजही एक भरगच्च आयुष्य असते, हे इतक्या सहजतेने सांगणारे दुसरे चित्र त्या संचात नाही. पुढे सीब्रुक कलोपचारतज्ज्ञ झाली, म्हणजे चित्रनिर्मितीच्या साहाय्याने मानसिक उपचार करण्याचे शास्त्र तिने आपला व्यवसाय मानले.

रुग्णालयातील चित्रांचा विचार आज बहुधा त्यांच्या शामक परिणामाच्या अंगाने होतो. 1984 मध्ये रॉजर उलरिक यांनी खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरतात असा निष्कर्ष मांडल्यापासून निसर्गदृश्यांना विशेष पसंती मिळाली. हा विचार उपयुक्त आहे, पण आपल्यावर उपचार करणारी संस्था आपल्याला आपले मानते की नाही, या प्रश्नाचे उत्तर झाडांच्या चित्रातून मिळत नाही.

जुन्या इमारतींची जागा नव्या वास्तूला देताना चित्रे काढून त्यांचे जतन करण्यात आले आणि 2012 मध्ये ‘म्यूरल पॅव्हिलियन’ उघडला. त्याच्या रस्त्याकडील सुमारे 12,000 चौरस फुटांच्या काचेच्या दर्शनी भागावर हेझ यांच्या मालिकेतील तीन दृश्ये अनेक मजली आकारात छापलेली आहेत आणि मूळ चित्रे आतील दालनात मांडलेली आहेत. एकेकाळी संस्थेला नको असलेला आशयच आता तिचा चेहरा झाला, ही मोठी भरपाई आहे. तरीही आठांतून तीन दृश्ये निवडली गेल्याने मार्गिकेतून चालताना उलगडणारा क्रम दर्शनी भागावर उरत नाही, आणि शेतातून शहरापर्यंतचा तो प्रवास सलग समजून घ्यायचा असेल, तर रस्त्यावरच्या माणसाला काचेमागच्या त्या दालनात यावेच लागते.