शहरात जेवताना : दूध-तूप नको असेल तर

गटाच्या प्रदर्शनाला, दवाखान्याला, लेकरांच्या परीक्षेला म्हणून आपलं मुंबई-पुण्याला जाणं आता होतंच. तिथं जेवायचं कुठं, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. घरात कुणाला दूध चालत नसेल, तर तो जास्तच अवघड होतो.

माझ्या भाचीला दुधाची अॅलर्जी आहे. ती सहा वर्षांची असताना आम्ही तिला मुंबईला नेलं होतं. ‘शुद्ध शाकाहारी’ अशी मोठी पाटी बघून एका हॉटेलात शिरलो. पोरीसाठी साधा डोसा मागवला. “यात दूध नाही ना?” असं विचारलंही. वाढणारा म्हणाला, “डोशात कुठलं दूध, ताई?” चार घासांत पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डोशावर लोणी फिरवलं होतं. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. आम्ही दुधाचं विचारलं, त्यानं दुधाचं सांगितलं. लोण्याचं कुणी विचारलंच नव्हतं.

तर पहिली गोष्ट ही, की आपल्याकडं शाकाहारात दूध धरतात. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका पनीरवरही असतो आणि पेढ्यावरही. दूध, दही, तूप, मध असं जनावरांपासून किंवा माश्यांपासून मिळणारं काहीच ज्यात नाही, त्या जेवणाला शहरात ‘व्हीगन’ म्हणतात. अशा पाकीटबंद पदार्थांसाठी सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2022 साली नियम केले. त्यांची खूण वेगळी आहे : हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर छोटं पान.

पण व्हीगनची पाटी लावलेली हॉटेलं थोडी, आणि बरीचशी आपल्या खिशाला न परवडणारी. त्यांच्यावाचून अडत नाही. आपलं झुणका-भाकर, ठेचा, उसळ, वरण-भात मुळात बिनदुधाचंच असतं. फक्त वरून तूप सोडू नका म्हणायचं. पोळी-भाजी केंद्रात पोळीला तूप लावतात की तेल, एवढं विचारायचं. मुंबईत माटुंग्याला दक्षिणी पद्धतीची जुनी हॉटेलं आहेत. तशा ठिकाणी इडली-सांबार मिळतं. डोसा मात्र ‘तेलावरच करा’ असं सांगून घ्यायचा, आणि खोबऱ्याच्या चटणीत दही घातलंय का ते विचारायचं. उपमा, साबुदाण्याची खिचडी तुपात केलेली असू शकते. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. पंजाबी भाज्यांच्या रश्शात साय आणि लोणी असतं. पावभाजी तर लोण्यातच होते. गुजराती थाळीत कढी, ताक आणि फुलक्यावर तूप येतं. जैन थाळीत कांदा-लसूण नसतो, दूध असू शकतं.

आता विचारायचं कसं? ‘व्हीगन आहे का’ म्हटलं तर पुष्कळांना कळत नाही, आणि ‘दूध नाही ना’ एवढंच पुरत नाही. एकेक नाव घ्यायचं : दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, पनीर, खवा. मग विचारायचं, “फोडणी कशाची? तव्यावर काय लावता?” गर्दीच्या वेळी वाढणाऱ्याला उभं राहायला सवड नसते. थोडं आधी किंवा उशिरा जा आणि आचाऱ्याला विचारून यायला सांगा. जो लगेच “काही नाही त्यात” म्हणतो, त्यापेक्षा जो “थांबा, विचारून येतो” म्हणतो त्याचं हॉटेल बरं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. दुधानं नुसतं पोट फुगतं, जुलाब होतात, अशा माणसाला चमचाभर तूप बहुधा चालून जातं. अॅलर्जी असेल तर तेही धोक्याचं. गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्यांना म्हशीचं आणि शेळीचंही सहसा चालत नाही. पनीरची भजी तळलेल्या तेलातला बटाटेवडा, लोण्याच्या तव्यावरचा डोसा, हेही टाळायचं. व्हीगनची पाटी असली तरी भांडी वेगळी असतात का, ते विचारायचंच. अशा लेकरासाठी आम्ही आता घरून भाकरी, चटणी, शेंगदाण्याचा लाडू बांधून नेतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध जवळच असतं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर औषध देऊन लगेच 108 ला फोन करायचा.

आणि मैत्रिणींनो, प्रदर्शनात आपणही थालीपीठ, लाडू विकतो. उद्या एखादी आई आपल्या स्टॉलवर येऊन विचारेल, “यात तूप आहे का?” तेव्हा आपल्यातल्या प्रत्येकीला खरं उत्तर माहीत असलं पाहिजे. कशात काय घातलंय याची पाटी लिहून ठेवली, तर तिला विचारावंही लागणार नाही.

येते. नमस्कार.