सतराव्या वर्षीची सही
सदाशिव पेठेत क्लाससाठी कॉट बेसिसवर राहणारा मुलगा सतरा वर्षांचा असेल, तर भाडेकरारावरच्या त्याच्या सहीला कायद्याच्या लेखी किंमत नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ११ अज्ञानाला, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याला, करार करू देत नाही. १९०३मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. वय खोटं सांगितलं असेल तर? तरीही. मुंबई उच्च न्यायालयाने १९३१मध्ये गडिगेप्पा खटल्यात तेच म्हटलं. अठरा पूर्ण झाल्यावर मान्यता देऊनही जुना करार जिवंत होत नाही. मेसवाल्याला थोडा दिलासा आहे: कलम ६८नुसार जेवणखाण, निवारा अशा गरजांचे वाजवी पैसे मुलाच्या मालमत्तेतून मिळतात. विद्यार्थ्याची कसली आलीय मालमत्ता, हा भाग वेगळा! म्हणून घरमालकाने लिव्ह अँड लायसन्सवर पालकांची सही घ्यावी, तीही साक्षीदार म्हणून नव्हे, पक्षकार म्हणून.