संजयाचा घाम, धृतराष्ट्राचे कान

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की ‘मन मोकळं करा’ असे फलक लागतात. पण माणूस तोंड उघडण्याआधी त्याचं अंग बोलू लागतं, आणि ते टिपणारा समोर लागतो. मराठीत याचं फार बारकाईचं वर्णन नेवाशात झालं. शके १२१२, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठी ज्ञानेश्वरांनी गीतेचं निरूपण केलं. ज्याला टेकून ते बसले असं सांगतात, तो पैस खांब आजही तिथे आहे.

गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, कापरं भरतं, हातातून गांडीव गळतं. नवव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर मूळ गीतेत नसलेला प्रसंग रचतात. कृष्णार्जुनांचा संवाद सांगताना संजयाची वाचा अडते, अंगभर रोमांच येतात, अर्धमिटल्या डोळ्यांतून पाणी झरतं, घाम फुटतो. नाट्यशास्त्रातले सात्त्विक भावच हे. ऐकणारा धृतराष्ट्र मात्र पुराच्या पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म, उपमाही ज्ञानेश्वरांचीच.

समुपदेशकाने धृतराष्ट्र होऊ नये.

घाम, हृदयाची धडधड, डोळ्यांच्या बाहुल्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात. हुकमाने थांबत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी झुरिचमध्ये मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग एकेक शब्द ऐकवून रुग्णाच्या त्वचेतला विद्युत बदल मोजत होते. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मुलाखतीची फिल्म अगदी संथ गतीने पाहिली. ‘आता बरी आहे’ म्हणत ती घरी जायची परवानगी मागत होती; प्रत्यक्षात आत्महत्येचा बेत लपवत होती. पुढचा बेत विचारल्यावर क्षणभर चेहऱ्यावर उमटलेली हताशा फिल्मने पकडली.

या गोष्टीवरून चेहरा वाचायचे वर्ग निघाले, तिथे मात्र सावध राहायला हवं. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन तपासून दाखवलं, की एक हावभाव म्हणजे एकच भावना असं समीकरण टिकत नाही. पाय हलतो तो भीतीने, कंटाळ्याने किंवा नुसत्या सवयीने. म्हणून चांगला समुपदेशक निदान ठोकत नाही. ‘सासरचा विषय निघाला आणि तुम्ही आवंढा गिळलात, आत्ता काय होतंय?’ एवढंच विचारतो, आणि उत्तराला वेळ देतो.

२०२२ साली १० ऑक्टोबरलाच सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्याला हात दिसत नाहीत, घाम दिसत नाही. हाती उरतो आवाजातला कंप, श्वास आणि वाक्य मध्येच तुटणं. तिथल्या प्रशिक्षणात हे ऐकायला शिकवण्यावर सर्वांत जास्त तास खर्च व्हायला हवेत.