शेपटी जाते कुठे?

दोस्तांनो, पावसाळ्यात डबक्यातले बेडूकमासे पाहिलेत ना? मोठं होताना त्यांची शेपटी कुठे जाते? ‘गळून पडते,’ असं माझ्या वर्गातली मुलं म्हणतात. छे! ती जागच्या जागी विरघळते. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना त्या शेपटीतच एक कात्री सापडली. कोलॅजिनेज नावाचं विकर!

कोलॅजन म्हणजे आपली त्वचा, हाडं घट्ट ठेवणारं प्रथिन, जणू तीन पदरी दोरखंडच. तो कापणाऱ्या विकरांच्या कुटुंबातल्या वीसहून अधिक कात्र्या तुमच्या-माझ्या शरीरातही आहेत. त्यांची धार जस्ताच्या अणूची. एरवी विकराचाच एक तुकडा धारेवर म्यानासारखा बसलेला असतो. गुडघा फुटला, की म्यान निघतं, जखमेतला खराब भाग कापला जातो, मग दुसरी प्रथिनं कात्रीला आवरतात.

कर्करोगाच्या गाठीत मात्र हा आवर सुटतो. गाठीतल्या पेशी भोवतालची जाळी कापून रक्तात शिरतात आणि दुसरीकडे बस्तान मांडतात. मग कात्रीच बोथट केली तर? १९९०च्या दशकात तशी औषधं देऊन पाहिली. गाठी काही हटल्या नाहीत, उलट रुग्णांचे सांधे दुखू लागले. बहुधा कामाच्या कात्र्याही बोथट झाल्या असाव्यात! आता नेमकी एकच कात्री पकडायची खटपट चालू आहे.