दोन विमानांच्या मधली नवी मुंबई

सकाळी आठला नवी मुंबई विमानतळावर उतरायचं आणि पुढचं विमान दुपारी तीनला, असं तिकीट हाती आलं की बहुतेकांना दोनच गोष्टी सुचतात. टर्मिनलमध्ये खुर्ची धरून बसायचं, नाहीतर टॅक्सी करून अटल सेतूवरून मुंबई गाठायची. पहिल्यात दिवस फुकट जातो. दुसऱ्यात गेटवेपाशी पोहोचेपर्यंत परतायची घाई सुरू होते. विमानतळाच्या कुंपणापलीकडेच जे आहे, ते या दोन्हींपेक्षा कितीतरी मोलाचं आहे आणि प्रवाशाने तेच पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच तासांपेक्षा मोठा लेओव्हर असेल, तर प्रवाशांना शहराची मोफत फेरी घडवतात. इस्तंबूलमध्येही तशी सोय आहे. दोन विमानांमधला रिकामा वेळ हा पाहुणचाराचा वेळ आहे, हे त्या शहरांनी ओळखलं. आपल्याकडे तशी फेरी सुरू झाली, तर तिचा पहिला थांबा फार लांब शोधावा लागणार नाही. तो धावपट्टीखालीच आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला आणि २५ डिसेंबरपासून प्रवाशांसाठी खुला झालेला हा विमानतळ ११६० हेक्टरांवर पसरला आहे. झाहा हदीद यांनी स्थापन केलेल्या लंडनच्या संस्थेने कमळाच्या आकारावर बेतलेलं टर्मिनल खरोखर देखणं आहे. खांब जिथे छताला भिडतात तिथे मान वर करून जरूर पाहा. पण त्याच जागी काही वर्षांपूर्वी उलव्याची टेकडी उभी होती. ती सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, ओवळे, उलवे अशा आगरी-कोळी वस्त्या उठल्या. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी ही माणसं देवळांसकट नव्या भूखंडांवर गेली. उरणच्या लोकलमार्गावरचं तरघर स्थानक आज विमानतळाशेजारी आहे. गाव उठलं, नाव स्थानकाच्या फलकावर राहिलं.

या भागात दि. बा. पाटील हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. जासईचे वकील, पनवेलचे आमदार, पुढे खासदार. शहरासाठी जमिनी घेतल्या जात असताना शेतकऱ्याला नुसती रोख भरपाई नको, विकसित जमिनीत वाटा हवा, ही त्यांची मागणी होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या लढ्यातून आली. विमानतळग्रस्तांना पुढे साडेबावीस टक्क्यांपर्यंत मजल मारता आली, तीही याच पायावर. विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून १० जून २०२१ रोजी भूमिपुत्रांनी मानवी साखळी धरली होती. जासईचं हुतात्मा स्मारक उरणच्या रस्त्यावरच आहे. दहा मिनिटं तिथे थांबावं, एवढं या जमिनीचं आपण देणं लागतो.

ऊन चढायच्या आत पोहोचावं असं ठिकाण म्हणजे सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. १९६४-६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार झाले. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी १९८३ ते ८६ या काळात त्यांनी जी घरं आखली, ती पाहायला आजही देशोदेशीचे वास्तुकलेचे विद्यार्थी येतात. आठ मीटर लांब-रुंद अंगण आणि त्याभोवती सात घरं, अशी एक वाडी. अशा तीन वाड्या मिळून पुन्हा एक मोठं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत फार अंतर नाही. दोन घरांची भिंत कुठेही सामाईक नाही. कारण घरात माणसं वाढली, पैसा आला की प्रत्येकाला शेजाऱ्याला न दुखावता खोली वाढवता यावी. स्थानिक गवंडी बांधू शकेल असंच बांधकाम ठेवलं होतं.

आज तिथे गेलं की मूळची उतरत्या कौलांची घरं शोधावी लागतात. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मजली स्लॅबची घरं उभी आहेत. काहींना हा योजनेचा पराभव वाटतो. मला वाटत नाही. घर मालकाच्या हातून वाढावं हेच तर कोरियांना हवं होतं, आणि अंगणं अजून शाबूत आहेत. तिथे मुलं खेळतात, पापड वाळतात. मात्र ही राहती घरं आहेत. कॅमेरा घेऊन कुणाच्या ओट्यावर चढू नये.

नोव्हेंबर ते मे या काळात आलात, तर पाय खाडीकडे वळवा. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. ओहोटीला ते चिखलात शेवाळ टिपत पसरलेले असतात. भरती आली की पाण्याने हुसकावलेले थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन विसावतात. म्हणून घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. भरती असेल तर नेरूळ गाठा, रस्त्याच्या कडेला उभं राहूनही गुलाबी थवा डोळाभर दिसतो. वेळ जास्त असेल तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने आत जाता येतं. ही खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. तरीही नेरूळच्या तळ्यांसाठी इथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकून सुमारे चाळीस रोहित मेले. आता खाडीच्या दोन्ही अंगांना विमानतळ आहेत. पाणथळ जागा बुजल्या तर पक्षी विस्कटून कुठेही उडतील, आणि ते विमानांनाही परवडणारं नाही. तळी राखणं हा विमानतळाच्याच सुरक्षेचा भाग मानायला हवा.

विमान पहाटेचं असेल तर तुर्भ्याचा बाजार. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य असे पाच बाजार एकाच आवारात आहेत, आणि भाजीचे गाळे उजाडायच्या कितीतरी आधी जागे होतात. मार्च-एप्रिलमध्ये देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या उतरताना पाहणं हा मोठा आनंद आहे. पेट्या पाठीवर घेऊन सपासप चालणारे माथाडी इथले खरे राजे. त्यांच्या वाटेत उभं राहू नका.

सात-आठ तास असतील तर पनवेलहून बारा किलोमीटरवर कर्नाळा. वाटेत शिरढोण लागतं, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. सुळक्यापर्यंत चढाईला वेळ पुरणार नाही. अभयारण्यातली खालची पायवाट पुरेशी आहे. पावसाळ्यात खारघरचा पांडवकडा लांबूनच पाहावा, धबधब्याखाली जायला बंदी असते आणि ती योग्य आहे.

वेळेचा हिशेब मात्र कडक ठेवा. उतरून बाहेर पडायला एक तास धरा, सुटण्याच्या दोन तास आधी परत दारात हजर राहा. दोन तिकिटं वेगळी असतील तर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागेल. म्हणजे सात तासांतले चार तुमचे. पाचाहून कमी असतील तर बाहेर पडूच नका. दारात तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, ते खिशातच असू द्या. मेट्रो बेलापूर ते पेंधर धावते, विमानतळाला येत नाही. उरणची लोकल स्वस्त आहे, पण एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं. परतीला रिक्षा-टॅक्सीच बरी.

आणि जेवण विमानतळावर करू नका. बेलापूर-पनवेलमध्ये आगरी-कोळी खानावळ शोधा. तांदळाची भाकरी, जवळा, खाडीची चिंबोरी मागा, जिताडा असेल तर तो आधी. डिसेंबर-जानेवारीत कुणी पोपटीला बोलावलं, तर पुढच्या विमानाचं तिकीट बदलायचा विचार करायला हरकत नाही: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून शेतात आग पेटवतात, आणि मडकं उघडेपर्यंत रात्र होते.