वारली चित्रे : घराची शोभा आणि घरची मिळकत

भाताची कापणी व झोडणी उरकून धान्य कणगीत पडले, म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा व विक्रमगड या भागांतील पाड्यांना लग्नसराईचे वेध लागतात. घर सारविले जाते, भिंतीला गेरू लागतो आणि घरच्याच तांदळापैकी मूठभर तांदूळ वाटून त्या पांढऱ्या पिठाने भिंतीवर चित्र उमटते. पोटाला, बियाण्याला आणि घराच्या शोभेला एकच धान्य लावण्याची ही रीत वारली समाजाने पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे.

आज ही चित्रे पाड्याबाहेर फार दूर गेली आहेत. शहरातील दिवाणखान्यांत, साड्यांवर, पडद्यांवर व चहाच्या पेल्यांवरही ती दिसतात. परंतु जिच्या भिंतीवरून ही कला निघाली, त्या घरात तिचा मोबदला किती पोहोचतो, हा प्रश्न ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी नीट विचारात घेण्याजोगा आहे.

भिंत आधी, चित्र मागाहून

वारल्यांचे जुने घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या कांबी बांधून त्यांवर दोन्ही अंगांनी माती व शेण यांचा लेप दिला, की कुडाची भिंत तयार होते. अशी भिंत स्वस्त पडते व उन्हाळ्यात घर थंड ठेवते. मात्र पावसाच्या माऱ्याने तिचा लेप सुटतो आणि दरवर्षी तिची डागडुजी करावी लागते. हे काम बहुधा घरातील स्त्रियाच करतात.

चित्र चांगले उठणे हे या लेपावर अवलंबून असते. प्रथम भेगा मातीने बुजवाव्यात, मग चाळलेली माती व शेण यांचे पातळ सारवण द्यावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. त्यावर गेरूचा हात फिरविला म्हणजे भिंतीला तांबूस रंग येतो. भिंत ओली असताना चित्र काढल्यास पांढरी रेषा पसरते व फिकट पडते.

रंगासाठी तांदूळ भिजवून अगदी बारीक वाटतात. वाटणात पाणी घालून ते काडीवरून सहज उतरेल इतके पातळ करतात, व रेषा धरून राहावी म्हणून त्यात थोडा डिंक मिसळतात. पीठ तळाशी बसते, म्हणून काम चालू असता ते पुन्हा पुन्हा ढवळावे लागते. कुंचल्याचे काम बांबूची काडी करते. काडीचे टोक चावून मऊ केले, की त्याचे तंतू सुटतात व त्यांनी बारीक रेषा ओढता येते. एवढ्या साहित्यात विकत आणावे लागेल असे फारसे काही नाही.

चौकाचा अर्थ

वारली चित्रांतील आकार थोडे आहेत. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, रेषा व ठिपके एवढ्यांवर सर्व जग उभे राहते. दोन त्रिकोण टोकाशी टोक जोडून मांडले, की मनुष्याचे धड होते. वर एक लहान वर्तुळ ठेवले, की डोके झाले. हातापायांच्या रेषांना बाक दिला, की तोच मनुष्य नाचू लागतो, भात लावू लागतो किंवा लाकडाची मोळी उचलू लागतो.

या चित्रांचे मूळ स्थान लग्नघरात आहे. लग्नाच्या वेळी घराच्या आतील भिंतीवर सवाशिणी चौक काढतात. चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या असलेल्या या चौकात पालघट देवीची आकृती असते. ती सृजनाची व वनस्पतींच्या वाढीची देवता मानली जाते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा पाच डोक्यांचा देव दाखवितात. चौकाभोवती झाडे, पशुपक्षी, शेतीची कामे व तारप्याचा नाच येतो. तारपा हे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाचे पान यांपासून केलेले फुंकवाद्य होय. तारपेकरी मध्ये उभा आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची सर्पिल रांग, हे दृश्य आता या कलेची ओळख बनले आहे. लग्नाचे विधी धवलेरी ही स्त्रीच गीते गाऊन पार पाडते. चित्र काढणाऱ्या स्त्रिया व विधी चालविणारीही स्त्री, अशी ही परंपरा आहे.

याच लग्नांशी एक कडू स्मृतीही निगडित आहे. पूर्वी लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणाऱ्या वारल्याला ते फेडण्यासाठी पत्नीसह त्याच्याकडे राबावे लागे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये किसान सभेच्या वतीने गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला आणि या गुलामीचे कंबरडे मोडले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती हकीकत आलेली आहे. उचल देऊन माणसाचे श्रम बांधून घेण्याची ही जुनी रीत, चित्रांच्या विक्रीचा विचार करताना, ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

भिंतीवरून कागदावर

१९७० नंतरच्या दशकात या कलेच्या इतिहासाला वळण मिळाले. हस्तकलांच्या विकासाचे काम करणाऱ्या शासकीय यंत्रणेच्या वतीने चित्रकार भास्कर कुलकर्णी हे डहाणू भागात आले. भिंतीवरील चित्रे कागदावर उतरावीत म्हणून त्यांनी लोकांना कागद व रंग दिले. याच काळात गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांचे काम पुढे आले.

म्हसे यांचा जन्म १९३४ चा. चौक काढणे हे स्त्रियांचे काम असताना त्यांनी लग्नविधीच्या बाहेर, आपल्या आवडीने, चित्रे काढण्यास आरंभ केला. शेत, जाळे टाकणारे कोळी, मुंग्यांची वारुळे, पाखरे असे अवतीभवतीचे जग त्यांनी शेण सारविलेल्या कापडावर व कागदावर आणले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जगातील कलावंतांच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या उदाहरणाने अनेक तरुणांनी काडी हाती धरली व कित्येक घरांस शेतीच्या जोडीला मिळकत झाली.

या बदलाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चित्र विकले जाऊ लागताच ते काढणाऱ्यांत पुरुषांची संख्या वाढली. बाजारात जाणे, शहरातील लोकांशी बोलणे व पैसे घेणे ही कामे पुरुषांकडे असल्याने तसे घडले. ज्या सवाशिणींनी ही कला जपली, त्यांपैकी अनेकजणी आजही भिंतीपुरत्याच राहिल्या आहेत.

पक्क्या घरातील चित्र

गावोगाव कुडाच्या जागी विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत. ती पावसात टिकतात व दरसाल लेप देण्याचे श्रम वाचवितात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु भिंत बदलली म्हणून चित्राने घर सोडण्याचे कारण नाही.

सिमेंटच्या भिंतीवर चित्र काढावयाचे झाल्यास गिलावा पूर्ण वाळलेला असावा व भिंतीत ओल झिरपत नसावी. भिंतीच्या ठरावीक भागास गेरूच्या छटेचा टिकाऊ रंग देऊन त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने चित्र काढावे. तांदळाचे पीठ अशा भिंतीवर नीट धरत नाही. दाराची चौकट, देवघराची बाजू व ओटीची भिंत या जागा चित्रास सोयीच्या होत. चुलीचा धूर लागेल अशी भिंत टाळावी.

ज्यांना भिंत रंगवावयाची नसेल, त्यांनी कापडावर चित्र काढावे. मांजरपाट धुऊन, ताणून त्यावर शेणाचे अथवा गेरूचे पातळ सारवण द्यावे. ते वाळले म्हणजे चित्र काढावे आणि वर-खाली बांबूची कांब घालून भिंतीवर टांगावे. विक्रीच्या कापडास तांदळाचे पीठ वापरू नये. घडी पडताच ते निघते व दमट हवेत त्यावर बुरशी येते. सुपे, मडकी व लाकडी पाट यांवरही चित्रे शोभतात. एका वस्तूवर फार आकृत्या दाटू नयेत. जागा मोकळी राहिली, तरच पांढरी रेषा उठून दिसते.

देवचौक व लग्नचौक हे पूजेचे विषय आहेत. ते विक्रीच्या वस्तूवर काढावेत की नाही, हे पाड्यातील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः सवाशिणी व धवलेरी यांच्या, विचाराने ठरवावे.

किमतीचा हिशेब

चित्र काढणारे पुष्कळदा कापड व रंग यांचाच खर्च धरतात व आपले दिवस विसरतात. उदाहरणार्थ, एका कापडी चित्रास १५० रुपयांचे साहित्य लागले व काम तीन दिवस चालले असे समजा. दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली, तर मजुरीचे १,२०० व साहित्याचे १५० मिळून १,३५० रुपये होतात. जाण्यायेण्याचा खर्च आणखी वेगळा. कोणी ५०० रुपये रोख देऊ केले, तर हातात पैसा आला असे वाटते. प्रत्यक्षात साहित्य वजा जाता तीन दिवसांचे ३५० रुपयेच उरतात.

आगाऊ रक्कम घेऊन वर्षभराची चित्रे बांधून देणे हे तर अधिक धोक्याचे आहे. उचल घेणे भागच पडले, तर चित्रांची संख्या, प्रत्येकाची किंमत व मुदत कागदावर लिहून घ्यावी आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. प्रत्येक चित्रावर काढणाऱ्याचे व गावाचे नाव असावे. दोघांनी मिळून काम केले असेल, तर दोघांची नावे घालावीत.

वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. १९९९ च्या यासंबंधीच्या कायद्यानुसार खऱ्या उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदविता येते. कारखान्यात छापलेल्या नकलेपासून हाताने काढलेले चित्र वेगळे ओळखून देण्यास ही नोंदणी साहाय्यभूत होते. नोंदणी न केलेल्या कलावंतास मात्र तिचा पुरेसा लाभ घेता येत नाही.

ग्रामसेवकांनी काय करावे

ग्रामसेवकांनी प्रथम पाड्यात चौक काढणाऱ्या स्त्रियांची यादी करावी. प्रशिक्षणाचा वर्ग निघाल्यास त्याच शिक्षिका असाव्यात व त्यांना त्याचे मानधन मिळावे. वर्गाची वेळ लावणी-कापणीच्या दिवसांत ठेवू नये, आणि पाणी भरण्याच्या व स्वयंपाकाच्या वेळा टाळाव्यात. स्त्रियांचा बचत गट असेल, तर कापड व रंग एकत्र घ्यावेत, विक्रीची वही गटाने ठेवावी आणि चित्राचे पैसे काढणारीच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचे अर्ज भरून देण्यास ग्रामसेवकांनी स्वतः बसावे.

भात कणगीत पडल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे महिने या कामास उत्तम होत. भिंती कोरड्या असतात, कापड लवकर वाळते व शेतीची घाई नसते. येत्या हंगामात प्रत्येक पाड्याने निदान एक भिंत व एक हिशेबाची वही यांपासून आरंभ करावा.