विश्लेषण : क्लाउडवर डिस्क वाढवली, तरी सर्व्हर ‘जागा नाही’ का म्हणतो?

संकेतस्थळ अचानक बंद पडते, अर्ज भरले जात नाहीत आणि कारण निघते अगदी साधे : सर्व्हरची डिस्क भरली. क्लाउडवर डिस्क मोठी करणे काही मिनिटांचे काम आहे. मात्र १०० जीबीची डिस्क २०० जीबी करून, तिचे भाडे सुरू झाल्यावरही सर्व्हर ‘जागा शिल्लक नाही’ हेच सांगत राहतो. असे का होते आणि घाईत कोणती चूक महागात पडते, याविषयी…

क्लाउडमधील डिस्क म्हणजे काय?

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत या डिस्कला ‘ईबीएस व्हॉल्यूम’ म्हणतात. ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. व्हॉल्यूम सर्व्हरच्या आत बसवलेले नसते, नेटवर्कमार्फत जोडलेले असते. त्यामुळे ते एका सर्व्हरवरून काढून दुसऱ्याला लावता येते. अट एवढीच, की दोन्ही एकाच ‘उपलब्धता क्षेत्रा’त हवेत. चालू सर्व्हर न थांबवता व्हॉल्यूमचा आकार वाढवण्याची सोय २०१७ मध्ये आली.

वाढवलेली जागा दिसत का नाही?

कारण जागेचे तीन थर असतात : व्हॉल्यूम, त्यावरील पार्टिशन आणि पार्टिशनमधील फाइल सिस्टीम. सातबाऱ्यावर क्षेत्र वाढले, पण कुंपण जुन्याच जागी राहिले आणि पेरणीही जुन्याच हद्दीत होत राहिली, तसा हा प्रकार. क्लाउडच्या नियंत्रण पटलावर वाढतो तो केवळ पहिला थर. उरलेले दोन सर्व्हरमध्ये शिरून, कमांड देऊन वाढवावे लागतात.

त्यासाठी कोणत्या कमांड लागतात?

लिनक्स सर्व्हरवर ‘एलएसबीएलके’ ही कमांड डिस्क व पार्टिशनचे आकार दाखवते, तर ‘डीएफ -एच’ फाइल सिस्टीममधील शिल्लक जागा. दोन्हींच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर अडचण कोणत्या थरावर आहे ते कळते. ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन वाढते. त्यानंतर फाइल सिस्टीम ‘ईएक्सटी-४’ असेल तर ‘रिसाइज-टू-एफएस’ आणि ‘एक्सएफएस’ असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ वापरतात. पार्टिशनची नोंद जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीची असेल, तर साधारण २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही.

डिस्क शंभर टक्के भरली असेल तर?

इथे अनेक जण अडकतात. ‘ग्रोपार्ट’ला स्वतःचे काम करण्यासाठी ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये थोडी जागा लागते. ती नसेल तर जागा वाढवणारी कमांडच जागेअभावी थांबते. अशा वेळी ‘टीएमपी’साठी तात्पुरती काही एमबी मेमरी जोडून देतात आणि काम झाल्यावर ती काढून टाकतात. दुसरा चकवा लॉग फाइलचा. फाइल पुसली, तरी एखादा प्रोग्राम ती उघडी धरून बसला असेल तर जागा मोकळी होत नाही. तो प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागतो. अशा वेळी डिस्क वाढवण्याची गरजच नसते.

धोका कुठे आहे?

नव्या, कोऱ्या व्हॉल्यूमवर ‘एमकेएफएस’ने फाइल सिस्टीम तयार करावी लागते. हीच कमांड भरलेल्या व्हॉल्यूमवर दिली तर तेथील डेटा हातचा जातो. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कची नावे बदलू शकतात. म्हणून नावावर विसंबून न राहता आकार व ओळख क्रमांक पडताळणे आणि आधी ‘स्नॅपशॉट’ म्हणजे त्या क्षणाची प्रत घेणे आवश्यक ठरते. दुसरे म्हणजे, ईबीएस व्हॉल्यूम वाढवता येते, लहान करता येत नाही. घाईत दहापट आकार दिला, तर नवे लहान व्हॉल्यूम घेऊन त्यात डेटा हलवणे एवढाच मार्ग उरतो.

खर्चाचे काय?

भाडे वापरलेल्या जागेचे नाही, घेतलेल्या जागेचे लागते. सर्व्हर बंद केला तरी ते थांबत नाही. सर्व्हर कायमचा काढून टाकला, तरी नंतर जोडलेली व्हॉल्यूम सहसा मागे उरतात आणि त्यांचे बिल येत राहते. डिस्क किती भरली, हे अ‍ॅमेझॉनची देखरेख सेवा आपणहून सांगत नाही. त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागतो. तो बसवून ८० टक्क्यांवर इशारा लावला, तर संकेतस्थळ बंद पडण्याआधीच, शांतपणे निर्णय घेण्याइतका वेळ हाती राहतो.